अलिप्तता कीं अंगचोरपणा?

इ. स. २०२५ च्या जुलै महिन्याच्या २५ तारखेस मुंबईच्या उच्च न्यायालयापुढें एक साधा अर्ज आला. गाझांतील संहार थांबावा म्हणून आझाद मैदानावर सभा भरविण्यास पोलिसांनीं परवानगी नाकारली होती, आणि त्याविरुद्ध कम्युनिस्ट पक्षांनीं दाद मागितली होती. अर्ज फेटाळला गेला. अर्ज फेटाळला जाणें ही कांहीं अपूर्व गोष्ट नव्हे. परवानगी मागणारी संघटना एक आणि दाद मागणारे दुसरे, असा तांत्रिक मुद्दाहि तेथें होता. परंतु सुनावणीच्या ओघांत न्यायपीठानें तोंडीं जो उपदेश केला, तो अर्जदारांपुरता राहिला नाहीं. आपल्या देशांत कचरा, सांडपाणी, प्रदूषण, पूर हे प्रश्न थोडे आहेत काय, हजारों मैलांवरच्या गाझाकडे कशाला पाहतां, देशभक्त व्हा, अशा आशयाचे ते उद्गार होते. पुढें पोलिसांनीं परवानगी दिली व ऑगस्टच्या २० तारखेस त्याच मैदानावर सभा झालीहि. त्यामुळें तो वाद कागदोपत्रीं मिटला. त्या उद्गारांमागील विचार मात्र मिटलेला नाहीं. तो सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांत, रेल्वेच्या डब्यांत, आमच्या महाविद्यालयाच्या शिक्षकवर्गांतहि ऐकूं येतो; आणि याहून महत्त्वाचें म्हणजे, तोच विचार सभ्य राजनैतिक भाषेचा अंगरखा घालून भारत सरकारच्या परराष्ट्रनीतींत येऊन बसला आहे. त्याचा समाचार घेणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

आम्ही हें वैनगंगेच्या परिसरांतील चामोर्शीहून लिहीत आहों. जेथें नदी उत्तरवाहिनी होते तीं मार्कंड्याचीं देवळें येथून जवळच. आझाद मैदान जवळ नाहीं, आणि गाझा तर नाहींच नाहीं. रस्ता, दवाखाना, शाळा यांचीं दुःखें आमच्या मुलखास मुंबईच्या सांडपाण्याहून कमी ठाऊक नाहींत. ‘आधीं घरचें पाहा’ हा उपदेश कोणास लागू पडावयाचाच असेल तर तो प्रथम आम्हांस लागू पडावा. तरीहि आम्ही म्हणतों कीं, हा उपदेश खोटा आहे. किंबहुना तो खोटा आहे हें ओळखण्यास आमच्यासारखें ठिकाण दुसरें नाहीं. दूरच्या माणसाचें दुःख तें दूरचें म्हणूनच बाजूस सारावयाचें असा नियम एकदां मान्य केला, कीं मग मुंबईस गडचिरोलीकडे पाहण्याचें कारण उरत नाहीं, आणि दिल्लीस तर मुळींच उरत नाहीं. राजधानीनें आपल्याकडे पाहावें म्हणून ज्या जिल्ह्याच्या पिढ्या अर्ज करण्यांत गेल्या, त्या जिल्ह्यांतील माणसानें अंतराची सबब मान्य करणें म्हणजे स्वतःच्याच अर्जावर ‘फेटाळला’ असा शेरा मारणें होय.

शिवाय हें अंतर समजतात तेवढें मोठेंहि नाहीं. १३ मे २०२४ रोजीं गाझांतील रफा येथें संयुक्त राष्ट्रांचीं ठळक चिन्हें असलेली एक मोटार रुग्णालयाकडे जात असतां तिच्यावर मारा झाला, आणि तींत निवृत्त कर्नल वैभव अनिल काळे मारले गेले. ते मूळचे आमच्याच विदर्भांतले, नागपूरचे. भारतीय सेनेंतून निवृत्त झाल्यावर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षाविभागांत रुजू होऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते. ऑक्टोबर २०२३ मध्यें सुरू झालेल्या त्या युद्धांत मारले गेलेले संयुक्त राष्ट्रांचे ते पहिलेच परदेशी कर्मचारी. मारा रणगाड्यांतून झाला असें आपणांस वाटतें, हें संयुक्त राष्ट्रांच्या प्रवक्त्यांनीं सांगितलें. त्या भागांत रणगाडे कोणाचे होते हें सांगावयास प्रवक्ता नको. आमच्या परराष्ट्र खात्यानें दुःख व्यक्त केलें व चौकशीसंबंधीं संबंधितांशीं संपर्क ठेवल्याचें कळविलें. एका मराठी घरांतला, भारतीय सेनेंत आयुष्य वेंचलेला माणूस परक्या मुलखांत तोफेच्या तोंडीं गेला, आणि त्याच्या सरकारला कर्त्याचें नांव वाक्यांत घालवेना! व्याकरणांत ज्याला कर्मणि प्रयोग म्हणतात, तो आमच्या मुत्सद्द्यांनीं चांगलाच आत्मसात केला आहे. माणसें ‘मारलीं जातात’, घरें ‘पाडलीं जातात’, अन्न ‘अडविलें जातें’. हें सारें करतो कोण, तो मात्र वाक्याबाहेर उभा राहतो.

हें विस्मरण आजकालचें नाहीं. १९५६ पासून १९६७ पर्यंत संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेंतील भारतीय पलटणी गाझांत पहाऱ्यावर होत्या, आणि जून १९६७ च्या युद्धांत इस्रायलच्या माऱ्याखालीं त्यांतील जवान मृत्युमुखीं पडले. दिल्लीच्या तीन मूर्ति चौकाला २०१८ सालीं हैफाचें नांव जोडण्यांत आलें, कारण १९१८ सालीं हैफा जिंकतांना हिंदी घोडदळ लढलें होतें. त्या वीरांचें स्मरण योग्यच आहे. पण इंग्रजी साम्राज्याच्या चाकरींत हैफा येथें पडलेल्यांचें नांव चौकाला, आणि स्वतंत्र भारताच्या आज्ञेनें शांततेसाठीं गाझांत पडलेल्यांची आठवणहि कोणास नाहीं, अशी निवड आपोआप होत नसते. कोणाशीं नातें सांगावयाचें हें आधीं ठरतें. इतिहास मग त्या बेतानें कापला जातो.

आतां मूळ प्रश्न नीट मांडूं. जून १९६७ मध्यें इस्रायलनें जॉर्डन नदीचा पश्चिम किनारा, पूर्व जेरुसलेम व गाझा हे प्रदेश जिंकले. व्यापलेला मुलूख सोडून सैन्य मागें घेण्याचें तत्त्व सुरक्षा समितीनें त्याच वर्षीं २४२ क्रमांकाच्या ठरावानें घालून दिलें. भारत त्या वेळीं समितीचा सभासद होता व त्यानें अनुकूल मत दिलें. युद्धांत व्यापलेल्या मुलखांत जेत्यानें आपली प्रजा नेऊन वसवूं नये, असें १९४९ चा चौथा जिनीव्हा करार सांगतो. तरीहि पश्चिम किनारा व पूर्व जेरुसलेम मिळून आज सुमारें सात लक्ष इस्रायली वसाहतवाले तेथें राहत आहेत. ज्या जमिनींवर या वसाहती उठल्या त्यांतील पुष्कळ जमीन ‘सरकारी’ ठरविण्यासाठीं तुर्की अमदानींतल्या १८५८ च्या जमीनकायद्याचा आधार घेण्यांत आला: जमीन सलग कसलेली नाहीं, तुमच्यापाशीं कागद नाहीं, म्हणून ती सरकारची, आणि सरकार ती देईल वसाहतवाल्याला.

ही युक्ति गडचिरोली जिल्ह्यांत कोणास समजावून सांगावी लागत नाहीं. पिढ्यान्‌पिढ्या वापरलेलें रान एका कायद्याच्या कलमानें सरकारचें झालें, आणि तेथला गोंड, तेथला माडिया आपल्याच रानांत अतिक्रमण करणारा ठरला, ही गोष्ट येथें घरोघरीं ठाऊक आहे. हा ऐतिहासिक अन्याय होता असें भारताच्या संसदेनें २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रास्ताविकांतच कबूल केलें, आणि २००९ सालीं धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गांवास सामूहिक वनहक्क मिळाला. दोन्ही गोष्टी एकच आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. मेंढ्याच्या माणसाला मत होतें, ग्रामसभा होती, त्याच्या नांवानें कायदा करणारी संसद होती. पश्चिम किनाऱ्यावरील पॅलेस्टिनी शेतकऱ्यावर ज्या सरकारचें सैन्य हुकमत चालवितें, तें सरकार निवडण्याचा वा घालविण्याचा त्याला अधिकार नाहीं. त्याच टेकडीवर आणून वसविलेल्या त्याच्या शेजाऱ्याला मात्र तो आहे. एकाच टेकडीवर एकाला मुलकी कायदा आणि दुसऱ्याला लष्करी न्यायालय, ही स्थिति अर्धशतकाहून अधिक काळ चालू आहे. १९ जुलै २०२४ रोजीं हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयानें आपल्या सल्लामतांत हा ताबाच बेकायदेशीर असल्याचें सांगितलें. म्हणजे आतां हा मतभेदाचा नाजूक प्रश्न राहिलेला नसून कायदा पाळावा कीं पाळूं नये एवढाच प्रश्न उरला आहे.

ज्यूंच्या दुःखाकडे आमची पाठ आहे असा आरोप कोणी करील. त्याचें उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासानें आधींच देऊन ठेविलें आहे. कुलाब्याच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आलेले बेने इस्रायल लोक आमच्यांत शतकानुशतकें राहिले. शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनिवार तेली’ एवढेंच त्यांचें वेगळेपण गांवानें नोंदविलें. येथून ते इस्रायलास गेले ते कोणी हांकलून दिलें म्हणून नव्हे. तेथेंहि त्यांतील पुष्कळांच्या घरीं मराठी राहिली. आणि याच आमच्या मराठी माणसांना, विवाहाच्या बाबतींत आपण पुरे ज्यू आहों हें मान्य करून घेण्यासाठीं, इस्रायलांत १९६४ पर्यंत झगडावें लागलें. युरोपानें ज्यूंचा जो संहार केला त्याचें प्रायश्चित्त कोणी घ्यावयाचें होतें, हा प्रश्न म्हणूनच आम्ही मोकळ्या मनानें विचारूं शकतों. १९४८ सालीं सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी माणसें घराला मुकलीं. युरोपच्या पापाची भरपाई त्यांच्या उंबरठ्यावरून वसूल झाली. आमच्या चामोर्शी व मुलचेरा तालुक्यांत पूर्व पाकिस्तानांतून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती आहेत. फाळणीनें उखडलेल्या माणसाला जमीन, शाळा आणि मत मिळालें म्हणजे एका पिढींत तो कसा उभा राहतो, हें आम्ही प्रत्यक्ष पाहिलें आहे. पॅलेस्टिनी निर्वासिताच्या तिसऱ्याचौथ्या पिढीलाहि छावणींतच जन्म घ्यावा लागतो. याला दैव जबाबदार नाहीं, तें माणसांनीं ठरविलें आहे.

या प्रश्नीं भारताची पहिली भूमिका ज्या मातींत घडली ती आमच्या विदर्भाचीच होय. नोव्हेंबर १९३८ मध्यें गांधीजींनीं वर्ध्याजवळच्या सेगांवीं, म्हणजे आजच्या सेवाग्रामीं, ज्यूंविषयीं एक लेख लिहिला; तो २६ तारखेच्या ‘हरिजन’मध्यें प्रसिद्ध झाला. छळ सोसणाऱ्या ज्यूंविषयीं त्यांना मनापासून कळवळा होता. तरी अरबांचा देश अरबांवर जबरदस्ती करून दुसऱ्यास देणें न्याय्य नाहीं, हें त्यांनीं आडपडदा न ठेवतां सांगितलें. त्याच लेखांत जर्मनींतील ज्यूंना त्यांनीं सत्याग्रहाचा मार्ग सुचविला; त्यावर मार्टिन बूबर यांनीं कडक उत्तर लिहिलें, आणि पुढें जें घडलें तें पाहतां बूबरांचा आक्षेप जड आहे. पण पॅलेस्टाइनसंबंधींचा गांधीजींचा न्याय त्यामुळें हलका होत नाहीं. १९४७ सालीं संयुक्त राष्ट्रांनीं नेमलेल्या अकरा देशांच्या समितींत भारत होता; इराण व युगोस्लाव्हिया यांच्यासह त्यानें फाळणीऐवजीं संघराज्याची योजना मांडली, आणि २९ नोव्हेंबर १९४७ रोजीं फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनीं मंजूर झाला तेव्हां त्या तेरांत भारत उभा राहिला.

उलट बाजूहि महाराष्ट्रांतूनच मांडली गेली. बॅ. सावरकरांनीं डिसेंबर १९४७ मध्यें ज्यू राष्ट्राच्या कल्पनेचें स्वागत केलें आणि भारताच्या विरोधी मताबद्दल खेद व्यक्त केला. सावरकरांचें हें मत आम्हांस मान्य नाहीं. पण तें मत होतें. त्यास दोन पाय होते आणि तें त्यांवर उभें होतें. गांधीजींची बाजू घ्या कीं सावरकरांची, दोघांनींहि ‘प्रसंग पाहून सांगूं’ असें म्हटलें नाहीं. आजच्या नीतीचें दैन्य असें कीं ती या दोहोंपैकीं कोणाचीहि वारसदार नाहीं. भाषण करतांना ती सेवाग्रामची असते, करार करतांना दुसऱ्या गांवची, आणि मत देण्याची वेळ आली म्हणजे ती घरीं नसते.

मधला इतिहास थोडक्यांत असा. भारतानें १७ सप्टेंबर १९५० रोजीं इस्रायलला मान्यता दिली. १९७४ सालीं पॅलेस्टिनी मुक्तिसंघटनेला तेथील जनतेची एकमेव प्रतिनिधि म्हणून मान्य करणारा पहिला अरबेतर देश भारत होता. १९८८ सालीं त्यानें पॅलेस्टाइनच्या राज्यास मान्यता दिली. जानेवारी १९९२ मध्यें नरसिंह रावांच्या सरकारनें इस्रायलशीं पूर्ण राजनैतिक संबंध जोडले. हे तेच राव, जे पूर्वीं आमच्या विदर्भांतील रामटेकहून लोकसभेवर निवडून गेले होते. या निर्णयास आमचा विरोध नाहीं. ज्याच्याशीं मतभेद आहे त्याच्याशीं बोलणें ठेवूं नये, असें शहाणा माणूस म्हणणार नाहीं. आमचें भांडण संबंध जोडल्याबद्दल नसून, संबंध जोडतांना जीभ गहाण टाकल्याबद्दल आहे.

ती कशी गहाण पडली हें मतदानाच्या नोंदींवरूनच पाहावें. २७ ऑक्टोबर २०२३ रोजीं आमसभेपुढें तात्काळ युद्धविरामाचा ठराव आला. भारतानें मत दिलें नाहीं. डिसेंबरांत तसाच ठराव १५३ मतांनीं मंजूर झाला तेव्हां भारतानें अनुकूल मत दिलें. मे २०२४ मध्यें पॅलेस्टाइनच्या सभासदत्वास भारताचें मत अनुकूल. त्याच वर्षीं १८ सप्टेंबरला, हेगच्या सल्लामताप्रमाणें हा ताबा बारा महिन्यांत संपवावा असा ठराव १२४ मतांनीं मंजूर झाला; भारत ४३ तटस्थांत. १२ जून २०२५ रोजीं पुन्हां युद्धविरामाचा ठराव. १४९ देश बाजूनें, १२ विरुद्ध, आणि १९ तटस्थांत भारत. गाझाच्या आरोग्य खात्याच्या मोजणीप्रमाणें मृतांचा आंकडा त्याच उन्हाळ्यांत ६०,००० कडे चालला होता. या सर्व नोंदींत एक सूत्र सांपडतें. ‘पॅलेस्टाइनचें राज्य असावें’ असें दूरचें, कोणासहि आज कांहीं करावें न लावणारें वाक्य आलें, कीं भारताचा हात वर होतो. ‘अमुक दिवसांत ताबा सोडा’, ‘आतां तोफा थांबवा’ असें तारखेचें वाक्य आलें, कीं तो हात खालीं राहण्याचा संभव अधिक. हक्काचा जयजयकार करावयाचा आणि वसुलीच्या दिवशीं गैरहजर राहावयाचें, ही ती रीत.

तिला कोणी अलिप्तता म्हणतात. हा शब्दाचा अपमान आहे. अलिप्ततेचा अर्थ दोन बलाढ्य गटांपासून दूर राहून प्रत्येक प्रश्नाचा निवाडा स्वतःच्या बुद्धीनें करणें असा होता. निवाडाच न करणें असा नव्हता. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. वैनगंगेच्या पुरांत माणूस वाहत असतां तटावर उभा राहून जो म्हणतो, ‘पाणी व माणूस यांनीं आपसांत चर्चेनें मार्ग काढावा,’ त्याच्या समतोलपणाचें कौतुक नदीकांठच्या कोणत्याहि गांवांत होणार नाहीं.

आणि केवळ गप्प राहिल्यानेंहि हें थांबत नाहीं. ८ सप्टेंबर २०२५ रोजीं नवी दिल्लींत भारत व इस्रायल यांच्यांत गुंतवणुकीचा करार झाला. इस्रायलच्या वतीनें सही केली ती अर्थमंत्री बेझालेल स्मोट्रिच यांनीं. पॅलेस्टिनींविरुद्धच्या हिंसेस चिथावणी दिल्याबद्दल याच गृहस्थांवर तीन महिन्यांपूर्वीं, १० जूनला, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व नॉर्वे या पांच देशांनीं निर्बंध घातले होते. आणि ऑगस्टमध्यें जेरुसलेमच्या पूर्वेस नवी वसाहत जाहीर करतांना, तिनें पॅलेस्टाइनच्या राज्याची कल्पनाच पुरली जाईल असें यांनींच अभिमानानें सांगितलें होतें. सहीची शाई वाळून चार दिवस झाले नाहींत तोंच, १२ सप्टेंबरला, त्याच पॅलेस्टाइनच्या राज्याचा पुरस्कार करणाऱ्या न्यूयॉर्क जाहीरनाम्यास भारतानें आमसभेंत अनुकूल मत दिलें. सोमवारीं कबर खणणाऱ्याशीं भागीदारी, आणि शुक्रवारीं आजाऱ्याला दीर्घायुष्याचा आशीर्वाद! यांतलें खरें कोणतें, असें आमचे विद्यार्थी आम्हांस विचारतात. राज्यशास्त्राच्या पुस्तकांत याचें उत्तर नाहीं, व्यवहारांत आहे. जेथें सही आहे तें खरें.

मजुरांची गोष्टहि अशीच. ऑक्टोबर २०२३ नंतर इस्रायलनें पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने बंद केले. त्यांच्या रिकाम्या जागांवर हिंदी मजूर नेण्यास आमच्या सरकारनें उत्साहानें साहाय्य केलें. जाणाऱ्या मजुरास आम्ही दोष देणार नाहीं. आमच्या जिल्ह्यांतून दर वर्षीं माणसें मिरची तोडण्यास तेलंगणांत जातात; पोटासाठीं सीमा ओलांडणें काय असतें तें येथें सर्वांस कळतें. दोष आहे तो एका कामकऱ्याला उपाशी ठेवण्याच्या शिक्षेंत दुसऱ्या कामकऱ्याला हत्यार म्हणून पुरविणाऱ्या सरकारचा.

आतां पूर्वपक्ष ऐकूं. पहिला आक्षेप राष्ट्रहिताचा: कारगिलच्या प्रसंगीं इस्रायल उपयोगी पडला, शस्त्रें, ठिबक सिंचन, गुप्तवार्ता हें सर्व तेथून येतें, त्याला दुखवून कसें चालेल? याचें उत्तर या सरकारच्याच दप्तरांत आहे. जुलै २०१७ मध्यें पंतप्रधान इस्रायलास गेले, आणि त्याच डिसेंबरांत, अमेरिकेनें जेरुसलेमला इस्रायलची राजधानी मानल्याविरुद्धच्या ठरावास भारतानें अनुकूल मत दिलें. मैत्री तुटली काय? शस्त्रें यावयाचीं थांबलीं काय? व्यापारी विकतो तो नफ्यासाठीं. गिऱ्हाइकानें खरें बोलल्यास तो दुकान बंद करीत नाहीं. जें २०१७ सालीं शक्य होतें तें २०२४ सालीं अशक्य झालें, याचें कारण राष्ट्रहितांत शोधून सांपडत नाहीं.

दुसरा आक्षेप दहशतवादाचा. ७ ऑक्टोबर २०२३ रोजीं हमासनें सुमारें १,२०० माणसें मारलीं व सुमारें अडीचशें ओलीस नेलीं. तें कृत्य अमानुष होतें, आणि त्याचा निषेध करतांना ‘पण’ हा शब्द वापरण्याची आमची इच्छा नाहीं. मुंबईस हें दुःख शिकवावें लागत नाहीं. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यांत कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्यें सहा ज्यू मारले गेले. परंतु त्याच मुंबईनें जगाला आणखी एक गोष्ट दाखविली. जिवंत पकडलेल्या कसाबास वकील दिला, त्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत चालविला, आणि मगच नोव्हेंबर २०१२ मध्यें येरवड्यास त्यास फांशी झाली. गुन्हेगार ज्या वस्तींतला ती वस्ती उपाशी मारण्याचा अधिकार गुन्ह्यामुळें मिळतो, असें आपल्या न्यायानें कधीं मानलें नाहीं. शिवाय पश्चिम किनाऱ्यावर हमासचें राज्य नाहीं. वसाहती तेथेंच वाढत आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्यें गाझांत युद्धविराम झाला, पण या वसाहतींस त्यानें हात लावला नाहीं.

तिसरा आक्षेप असा कीं, काश्मीरच्या प्रश्नीं मुस्लिम राष्ट्रांच्या संघटनेनें आपल्याला कधीं साथ दिली नाहीं. नसेल दिली. पण पॅलेस्टिनी माणसाचा हक्क ही कांहीं त्या संघटनेची मिरास नव्हे, कीं तिच्याशीं हिशेब जुळेना म्हणून आपण त्याची जप्ती करावी.

चौथा आक्षेप निराशेचा: आपल्या मतानें काय होणार? १९४६ सालीं, स्वातंत्र्य मिळण्याच्याहि आधीं, भारतानें दक्षिण आफ्रिकेशीं व्यापार तोडला आणि तेथील वर्णविद्वेषाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढें नेला. त्या वेळीं आपण दरिद्री होतों, पराधीन होतों, आणि व्यापार बुडाला तो आपलाच. वर्णविद्वेषी राज्य कोसळण्यास पुढें जवळजवळ अर्धशतक लागलें. पण कोसळलें तेव्हां, पहिल्या दिवसापासून आपल्या बाजूनें कोण होतें हें त्या लोकांच्या ध्यानांत होतें. तें राष्ट्र आज जगांत मोठ्या अर्थव्यवस्थांच्या पंक्तींत बसतें, आणि बोलण्याची किंमत परवडत नाहीं म्हणतें!

न्यायालयांकडून या बाबतींत फार अपेक्षा करतां येत नाहीं. इस्रायलला लष्करी माल जाऊं नये म्हणून केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयानें ९ सप्टेंबर २०२४ रोजीं, परराष्ट्रधोरण हा सरकारचा विषय म्हणून, फेटाळली. तसें असेल तर सरकारला विचारणें हा नागरिकाचा विषय ठरतो. आणि ज्या मैदानावर तें विचारावयाचें तेथेंच त्यास गटाराकडे पाहावयास सांगणें हा कोणता न्याय? राज्यघटनेच्या ५१ व्या कलमांत, राज्यानें आंतरराष्ट्रीय शांतता वाढवावी व आंतरराष्ट्रीय कायद्याविषयीं आदर जोपासावा, असें लिहिलें आहे. घटनाकारांना देशांतील दारिद्र्य, रोगराई व घाण ठाऊक नव्हती असें नाहीं. तरीहि त्यांनीं तें कलम घातलें, कारण घर झाडणें आणि शेजाऱ्याच्या घरास लागलेली आग विझविणें यांत त्यांना विरोध दिसला नाहीं.

आमच्या मागण्या अवास्तव नाहींत. ताब्यासंबंधीं ठराव येईल तेव्हां भारतानें उपस्थित राहून अनुकूल मत द्यावें. इस्रायलशीं होणाऱ्या प्रत्येक करारांत, १९६७ सालीं व्यापलेला प्रदेश या करारांत येत नाहीं, असें स्वच्छ लिहावें; युरोपीय संघानें आपल्या अनुदानांच्या बाबतींत २०१३ सालींच तसा नियम केला आहे, आणि त्यामुळें त्याचे इस्रायलशीं संबंध तुटलेले नाहींत. या युद्धांत वापरतां येईल असा लष्करी माल पाठवूं नये. कर्नल काळे यांच्या मृत्यूच्या चौकशीचा निष्कर्ष संसदेपुढें मांडावा. यांतील एकाहि गोष्टीसाठीं मैत्री मोडावी लागत नाहीं. फक्त वाक्यांत कर्ता घालावा लागतो.

संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहांत प्रत्येक प्रतिनिधीपुढें तीन बटणें असतात: हिरवें अनुकूल मताचें, तांबडें विरोधाचें, आणि पिवळें मत न देणाऱ्याचें. हा प्रश्न तेथें पुन्हां येणार आहे, वर्षांतून एकदां नव्हे, अनेकदां येणार आहे. पिवळें बटण दाबणें सोपें असतें. पण तें दाबणाऱ्या हाताच्या मागें दीडशें कोटि माणसें उभीं असतात, त्यांत चामोर्शीचीहि असतात. आणि आम्ही तरी तें आमच्या नांवानें दाबूं देणार नाहीं.